मोठ्या नद्या बोटीने: धारेबरोबर की धारेविरुद्ध?

ऐलपैल

नदीतून लांबचा प्रवास करायचा म्हटलं की लोक आधी बोट बघतात. केबिन कशी, खिडकी केवढी, डेकवर बसायला जागा आहे का. नदी त्यानंतर. आणि ती नदी कोणत्या दिशेने करायची, मुखाकडे तोंड करून की उगमाकडे, हे तर कुणी विचारतच नाही. मिळेल ते तिकीट आणि जाईल ती बोट. माझं म्हणणं असं की आधी दिशा ठरवा, आणि जमेल तिथे धारेविरुद्ध जा.

हे मला अमेझॉनने शिकवलं. ब्राझीलमध्ये मी मुखाजवळच्या बेलेमहून आत मनौसला बोटीने गेले आणि बोटीनेच परत आले. दोन्ही वेळा बोट साधारण सारखीच: उघडे मजले, छताला झोळ्या टांगायच्या आणि त्यातच झोपायचं. जाताना पाच दिवस लागले, येताना चारही नाहीत. पण खरा फरक वेगळाच. पात्राच्या मध्यात धार जोरात असते, काठाजवळ पाणी संथ. म्हणून वर जाणारी बोट काठ धरून जाते. पाच दिवस झाडं, खांबांवरची घरं, पायरीवर भांडी घासणारी बाई, डोंगीतून शाळेत निघालेली पोरं, सगळं हाकेच्या अंतरावर. येताना तीच बोट धार पकडायला मध्यात गेली. तिथे नदी कित्येक किलोमीटर रुंद आहे. मला दिसलं ते तपकिरी पाणी आणि दोन्हीकडे क्षितिजावर एकेक हिरवी रेघ. समुद्रात काय वेगळं दिसलं असतं?

तुमचे अनुभव लिहा. कुठल्याही मोठ्या नदीचे चालतील. फक्त "खूप सुंदर, नक्की जा" एवढंच लिहू नका ही विनंती.

मधली_लाट

ताई, खूप सुंदर, नक्की जाणार. (पळते.)

शेवाळं

तुमचा नियम नाईलवर उलटा पडतो. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि इजिप्तमध्ये वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणजे वर जायला शीड आणि खाली यायला प्रवाह, दोन्ही आयतं. जुन्या चित्रलिपीत "दक्षिणेला जाणे" लिहायला शीड उभारलेली नाव काढत आणि "उत्तरेला जाणे" लिहायला शीड उतरवलेली. मला ही गोष्ट कळली तेव्हा एवढा आनंद झाला की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

आता तुमच्या काठाच्या मुद्द्याकडे येतो. मी अस्वानहून फलुका (तिथली शिडाची नाव) घेतली होती आणि खाली गेलो, धारेबरोबर. पण वारा थेट समोरून. मग नावाडी काय करतो, तिरकं शीड लावून या काठाहून त्या काठाला नागमोडी जातो. दर थोड्या वेळाने एक काठ जवळ येतो, नाव वळते, मग दुसरा. दोन्ही काठ पोटभर दिसले. वारा पाठीशी घेऊन वर गेलो असतो तर सरळ रेषेत भुर्रकन गेलो असतो. तेव्हा नियम करायचाच असेल तर असा करा: ज्या दिशेला बोटीला कष्ट पडतात ती दिशा चांगली.

ऐलपैल

शेवाळं, हे तर फारच नेमकं झालं. धाग्याचं शीर्षक बदलता आलं असतं तर बदललं असतं.

भोवरा

धागा छान आहे, पण एक कडू गोष्ट सांगतो. बोटीने नदी केली असं ज्यांना वाटतं त्यातल्या निम्म्या लोकांनी तलाव केलेला असतो.

व्होल्गा घ्या. युरोपातली सगळ्यात लांब नदी, सुमारे ३,५३० किमी. पण वरून खाली धरणांमागून धरणं. एका धरणाचं फुगलेलं पाणी संपतं न संपतं तोच पुढच्याचं सुरू. मी गेलो तेव्हा काही ठिकाणी पलीकडचा काठ दिसतच नव्हता आणि वाऱ्याने लाटा उठत होत्या. कल्याझिनला पाण्यातून एक घंटाघर वर आलेलं दिसतं. सगळे त्याचे फोटो काढत होते. ते जुन्या गावातलं घंटाघर, गावाचा तो भाग उग्लिचच्या धरणात बुडाला. खऱ्या अर्थाने वाहणारी व्होल्गा पाहायची तर व्होल्गोग्राडच्या खाली जायला हवं, शेवटच्या धरणानंतर, जिथून ती मोकळी होऊन कॅस्पियनला भिडते.

यांगत्सेचंही तेच. तीन घळींच्या धरणामागचा जलाशय ६०० किमीहून लांब. उन्हाळ्यात, पुराच्या आधी, पाणी १४५ मीटरच्या पातळीवर उतरवून ठेवतात आणि हिवाळ्यात १७५ पर्यंत भरतात. म्हणजे तुम्ही कोणत्या महिन्यात जाता त्यावर घळीची भिंत ३० मीटर कमी किंवा जास्त दिसते! पूर्वी याच घळींतून बोटी वर न्यायला माणसांच्या रांगा खांद्यावर दोर घेऊन काठाच्या कपारींतून चालत. ऐलपैल म्हणतात ते "धारेविरुद्ध" खरं तिथे होतं. आता इंजिन नुसतं गुरगुरतं.

आणि डॅन्यूबचे लोखंडी दरवाजे. सर्बिया आणि रोमानियाच्या मधली ती घळ. तिथे पाण्याला इतका जोर होता की १८९६ साली एक कालवा काढला, तर त्या कालव्यातही जोर. जहाजं वर ओढायला काठाने आगगाडीचं इंजिन चालवावं लागे. १९७२ साली धरण झालं, खडक बुडाले, आदा काले नावाचं आख्खं वस्तीचं बेट बुडालं. आता जहाज तिथून लोण्यातून सुरी जावी तसं जातं. देखावा अप्रतिम आहे, नाकारत नाही. पण नदी?

मधली_लाट

भोवराकाका, तुम्ही सगळ्यांचा मूड घालवण्यात पटाईत आहात. :)

मला मात्र लॉक आवडतात. जहाज एका अरुंद काँक्रीटच्या पेटीत शिरतं, मागचं दार लागतं, दोन्ही बाजूंना हात लावता येईल इतक्या जवळ ओलसर भिंत, आणि मग कसलाही आवाज न करता आख्खं जहाज वर चढायला लागतं. पंप नाही, यंत्र नाही, वरचं पाणी आत सोडायचं, बस. तीन घळींच्या धरणाला पाच पायऱ्यांचा लॉक आहे, त्यात तीन-चार तास जातात. २०१६ पासून शेजारी जहाजांची लिफ्टही आहे: ३,००० टनांपर्यंतचं जहाज पाण्याच्या हौदासकट उचलते, ११३ मीटरपर्यंत. तिला तासाहून कमी वेळ लागतो. आम्ही रात्री पायऱ्यांच्या लॉकमधून गेलो. बरेच जण झोपले, मी नाही.

भोवरा

लॉक मलाही आवडतात. मी फक्त म्हणतोय की त्याला नदी म्हणू नका.

काठोकाठ

नमस्कार. मी वाचनमात्र असतो, पण हा धागा बघून लिहितोय. आयुष्यात एकदाच नदीचा प्रवास केला, डॅन्यूब, आणि त्यातला बराचसा बसमधून केला. खरंच सांगतो. जर्मनीत, बव्हेरियात, पाणी उतरलं म्हणून जहाज पुढे जाईना. आम्हाला सामानासकट उतरवलं, बसने अडचणीच्या पट्ट्याच्या पलीकडे नेलं आणि तिथे अडकलेल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर चढवलं. त्या जहाजावरचे लोक आमच्या जहाजावर. आधी कुणीही सांगितलं नव्हतं की असं होऊ शकतं. नियमावलीत बारीक अक्षरात होतं म्हणे. त्या दिवसापासून मला वाटत होतं की आपलंच नशीब फुटकं. हे नेहमीचं आहे का?

भोवरा

नेहमीचंच. आणि हे तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलंत ते बरं केलंत.

तुम्ही अडकलात तो पट्टा बहुधा श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन. तिथे डॅन्यूबवर धरण नाही. वर आणि खाली धरणांनी पाणी धरून ठेवलेलं असतं म्हणून खोली मिळते, मधल्या या मोकळ्या पट्ट्यात पाऊस देईल तेवढंच पाणी. म्हणजे नदी जिथे नदी उरली आहे तिथेच जहाज अडतं. तुम्ही बसमधून गेलात तेव्हा खिडकीबाहेर खरी डॅन्यूब होती!

ऱ्हाईनवर असंच जर्मनीतलं काउब गाव. तिथली पाण्याची पट्टी सगळे नावाडी सकाळ-संध्याकाळ बघतात. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ती २५ सेंमीपर्यंत उतरली होती. बातम्यांत लोकांनी वाचलं आणि त्यांना वाटलं की ऱ्हाईन आता गुडघाभरसुद्धा नाही. तसं नसतं. पट्टीचा शून्य म्हणजे तळ नव्हे. पट्टीवर ७८ सेंमी असतात तेव्हा जहाजमार्गात १.९० मीटर पाणी असतं. म्हणजे पट्टीच्या आकड्यात मीटरभराहून थोडं जास्त मिळवा, की खरी खोली आली.

पूर आला तरी अडतंच, पण उलट कारणाने. मग जहाज पुलाखालून जात नाही. या जहाजांची सुकाणूची खोलीसुद्धा खाली दबते, वरच्या डेकवरचे कठडे आडवे पाडतात, लोकांना खाली पाठवतात, आणि तरीही कधीकधी चार बोटं कमी पडतात. जायच्या आधी महिनाभर पाणीपातळी बघायची सवय लावा. जाहिरातीपेक्षा ती खरं बोलते.

ऐलपैल

काठोकाठ, तुमच्या नावातच पाणी भरपूर आहे, पुढच्या वेळी नशीब साथ देईल.

डॅन्यूबची एक गंमत सांगायची राहिली. काठावर किलोमीटरचे फलक असतात, ते काही नद्यांवर वरून खाली वाढत जातात. ऱ्हाईनचा शून्य कोन्स्टान्झच्या पुलाशी आहे. डॅन्यूबचा शून्य मात्र मुखाशी, सुलिनाला. बुडापेस्ट १,६४७, व्हिएन्ना १,९२९. म्हणजे डॅन्यूबवर वर जाणाऱ्याचे आकडे वाढतात आणि खाली जाणाऱ्याचे उतरत जातात. मी याला माझ्या बाजूचा पुरावा मानते, कुणी काही म्हणो.

उलटी_धार

माझं नाव बघूनच कळलं असेल मी कोणत्या बाजूचा. :D

धारेविरुद्ध जाणाऱ्यांचा इतिहास मात्र बऱ्यापैकी फजितीचा आहे. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनचंच बघा. १८५६ मध्ये तो झांबेझीच्या काठाने समुद्रापर्यंत आला, पण वाटेत एक वळण टाळून सरळ जमिनीवरून गेला. नेमके त्या वळणात काहोरा बासाचे खळाळ होते. त्याने ते पाहिलेच नाहीत. नदी आतपर्यंत बोटीने जाण्याजोगी आहे असं त्याने मायदेशी सांगितलं, सरकारने मोहीम दिली, आणि १८५८ मध्ये वाफेची बोट घेऊन तो वर निघाला. बोटीचं नाव "मा रॉबर्ट". तिचं इंजिन इतकं धापा टाकायचं की तिला दमेकरी म्हणू लागले. आणि खळाळांपाशी सगळं संपलं. दोन पावलं वाचवायला गेला आणि अख्खी मोहीम बुडाली.

दुसरी गोष्ट सर एडमंड हिलरींची. एव्हरेस्ट झालं, ध्रुव झाला, मग १९७७ मध्ये गंगेच्या मुखापासून जेट-बोटींनी वर निघाले, समुद्रापासून हिमालयापर्यंत. जेट-बोटीला खाली पंखा नसतो, ती पाणी आत ओढून मागे फेकते, म्हणून वीतभर पाण्यातून आणि खडकांवरूनही जाते. नंदप्रयागच्या जवळ एका धबधब्याने अडवलं. पुढचं पायी. पण गंगेवर तेवढं वर कोण गेलंय?

आणि कोलोरॅडो! १८६९ मध्ये पॉवेल नावाचा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ चार होड्या आणि एकूण दहा माणसं घेऊन ग्रँड कॅन्यनच्या घळीतून खाली उतरला. एक हात युद्धात गेलेला माणूस. दोन होड्या आणि सहा माणसं शेवटपर्यंत पोचली. त्यानंतर त्याच घळीतून बोटीने वर जायला कुणाला तरी जमायला १९६० साल उजाडलं, तेही जेट-बोटींनीच. खाली जाणं आणि वर जाणं यात ९१ वर्षांचं अंतर. ऐलपैल ताई, हा घ्या तुमचा पुरावा.

मधली_लाट

एक शंका. कंबोडियातल्या तोन्ले साप नदीवर वर आणि खाली कसं ठरवायचं? तिथे तर नदीच दिशा बदलते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी तोन्ले सापमधून उलटं तळ्यात शिरतं, आणि पाऊस ओसरला की तीच नदी पुन्हा मेकाँगकडे. तळं काही पटींनी पसरतं आणि आटतं. जूनमध्ये गेलेल्याने "वर गेलो" म्हटलं आणि डिसेंबरमध्ये गेलेल्याने त्याच दिशेला जाऊन तेच म्हटलं तर एकजण खोटं बोलतोय.

शेवाळं

हा प्रश्न धाग्याच्या पायावरच कुऱ्हाड आहे. वा!

मेकाँग निघालीच आहे तर: लाओसमध्ये हुआय साय ते लुआंग प्रबांग ही संथ बोट, दोन दिवस, मध्ये पाकबेंगला मुक्काम. बहुतेक लोक खाली जातात. उन्हाळ्यात पाणी कमी असतं तेव्हा खडक डोकं वर काढतात आणि नावाडी त्यांच्यामधून जे काही करतो ते बघायलाच जावं. तिथे वेगवान छोट्या बोटीही असतात, प्रवाशांना हेल्मेट देतात. हेल्मेट का देतात याचा विचार करा आणि संथ बोट घ्या.

गाळपेर

सगळे दिशेवर बोलताय, वाट दाखवणाऱ्यावर कुणीच नाही. मोठ्या नदीत रस्ता दिसत नाही. अर्धा किलोमीटर पाणी समोर, त्यातला वीस मीटरचा पट्टा खोल, बाकी ढोपरभर. ते वीस मीटर कुठले हे ज्याला कळतं तोच खरा.

ब्रह्मपुत्रेवर मी हे पाहिलं. दर पावसाळ्यानंतर वाळूची बेटं जागा बदलतात. गेल्या वर्षीचा नकाशा यंदा रद्दी. पाण्यात रोवलेले बांबू हीच खूण. काही ठिकाणी तर बांबूच्या तट्ट्या तिरक्या उभारून पसरलेलं पाणी एका धारेत आणतात, म्हणजे धार स्वतःच तळ खरवडून खोल करते. काँक्रीट नाही, धरण नाही. भोवरा यांना आवडेल.

म्यानमारमध्ये इरावदीवर बोटीच्या नाळेवर एक माणूस रंगाचे पट्टे मारलेला बांबू घेऊन उभा असतो, सारखा तळाला टेकवून खोली ओरडून सांगतो. हीच पद्धत मिसिसिपीवर होती, फक्त तिथे शिसं बांधलेला दोर. दोन पुरुष पाणी, म्हणजे बारा फूट, मिळालं की आरोळी यायची "मार्क ट्वेन". बोट सुरक्षित, चला पुढे. त्या आरोळीवरूनच एका माजी नावाड्याने पुढे लेखक म्हणून नाव घेतलं. आता सगळीकडे यंत्राने खोली मोजतात, तरी इरावदीवर बांबू दिसला तेव्हा मला जास्त निर्धास्त वाटलं.

भोवरा

आवडलं. मिसिसिपीबद्दल भर: सेंट लुईसच्या वर लॉकच लॉक, खाली समुद्रापर्यंत एकही धरण नाही. त्यामुळे वरच्या भागात एका टगपुढे (ढकलणाऱ्या बोटीपुढे) साधारण १५ बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू तराफे, लॉकमध्ये बसतील तेवढेच. खालच्या भागात तीस-चाळीस. कुणी होडीने, वल्हं मारत करणार असेल तर लक्षात ठेवा, एवढा तांडा थांबवायला सहज दीड-दोन किलोमीटर लागतात आणि तुम्ही त्याला दिसतही नाही. वळणाच्या आतल्या बाजूला राहा.

उलटी_धार

आफ्रिकेतली काँगो कुणी केली आहे का? किन्शासा ते किसांगानी, सुमारे १,७०० किमी, मध्ये एकही धरण नाही. भोवराकाकांचं स्वप्न.

शेवाळं

एका ओळखीच्याने केली, मी त्याचं ऐकलेलं सांगतो. ढकलबोटीपुढे बांधलेले बार्ज, त्यावर माणसं, गाठोडी, जनावरं. चालत्या बार्जला काठावरून डोंग्या येऊन चिकटतात, मासे विकतात, साबण-मीठ घेतात आणि सुटतात. बाजारच तरंगत चाललेला. किती दिवस लागतील हे कुणी सांगत नाही. वाळूत रुतली की बसली. त्याला तीन आठवडे लागले.

पण हे मी कुणाला सुचवणार नाही. तिथे जादा भरलेल्या बोटी उलटून माणसं मरतात, विशेषतः रात्री, आणि हे वारंवार होतं. ज्यांना दुसरा रस्ताच नाही ते लोक त्या बोटीत बसतात. आपण हौसेने जाऊन त्यात आणखी एका माणसाचा भार का घालायचा?

ऐलपैल

शेवाळं, पटलं. अमेझॉनच्या बोटीतही मी हौशी होते, बाकीच्यांसाठी ती एसटी होती. याच नदीवर वर, पेरूतल्या इकितोसला तर बाहेरून रस्ताच जात नाही, नाव किंवा विमान. समुद्रापासून साडेतीन हजार किमीहून आत, आणि उंची जेमतेम शंभर मीटर. उतार इतका कमी म्हणूनच जहाज तिथवर जातं. पण बोट भरलेली दिसली की मी पुढची धरली.

काठोकाठ

मी ठरवलं. बेलेम ते मनौस, धारेविरुद्ध. दोन प्रश्न आहेत. कधी जाऊ, आणि झोळी बोटीच्या कोणत्या बाजूला टांगू? हसू नका.

ऐलपैल

कोण हसतंय? फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

कधी: मनौसला पाणी जूनच्या आसपास सगळ्यात जास्त आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात कमी. फरक दहा मीटरच्या घरात, म्हणून तिथला धक्काच तरंगता आहे. २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन वर्षं कोरड्या महिन्यांत नदीने नीचांकाचे विक्रम मोडले, बोटी अडकल्या. तुमचा बसचा अनुभव पाहता जूनच बरा. भरल्या पाण्यात बोट झाडांच्या शेंड्यांजवळून जाते.

पहिला दिवस-दीड दिवस तुम्ही मुख्य नदीवर नसताच, माराजो बेटाच्या मागच्या अरुंद वाटांतून जाता. तेव्हा अजिबात झोपू नका. तिथे काठावरची मुलं डोंगी वल्हवत येऊन चालत्या बोटीला दोर अडकवतात. शेवटी, मनौसच्या जरा आधी, काळी नेग्रो आणि गढूळ सोलिमोंइस (अमेझॉनचंच तिथलं वरचं नाव) शेजारी शेजारी सहा किलोमीटर न मिसळता वाहतात. तिथेही जागं राहा.

बाजू: बोट दोन्ही काठ आलटून पालटून धरते, त्यामुळे काठासाठी बाजू निवडण्यात अर्थ नाही. ऊन बघा. तुम्ही पश्चिमेला जाणार, विषुववृत्ताच्या अगदी जवळून. जूनमध्ये सूर्य उत्तरेला, म्हणजे उजव्या हाताला. झोळी डावीकडे टांगा. वरच्या मजल्यावर, पुढच्या अंगाला, इंजिन आणि संडास दोन्हींपासून लांब. आणि आदल्या दिवशीच जाऊन जागा धरा.

भोवरा

आणि दोर स्वतःचा न्या. तिथे मिळतो तो आखूड असतो.

काठोकाठ

डावीकडे, वर, पुढे, दोर. लिहून घेतलं.

मधली_लाट

डिसेंबरमध्ये गेलात तर उजवीकडे हो, काठोकाठ. तोन्ले सापसारखं करू नका.